इंदूवजा एक लाख सामने

बस सोडायची असेल तर कंडक्टरने घंटीची दोरी दोनदा ओढायची. एकदा ओढली तर थांब.

*

उजव्या गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ संपली आहे, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं.

*

जयसिंगपुरात लग्नांचं शूटिंग करणारा एक माणूस वारला. त्याच्या पेटीत अकरा कॅसेटी निघाल्या ज्यांत एकही लग्न नव्हतं.

*

नियम नऊ : निवृत्तीला पस्तीस वर्षं झाली की खेळाडूचं नाव यादीतून कायमचं उतरेल.

*

नाशिकच्या कोर्टात एका बाईने नवऱ्याची उणीव शून्य असल्याचा दाखला घटस्फोटाच्या अर्जाला जोडला. न्यायाधीशांनी तो परत केला, पण आधी दोनदा वाचला.

*

'...आणि मगदूमच्या मुलीने हवेत सूर मारला तेव्हा बायकांच्या बाजूचं सगळं मैदान उभं राहिलं.' (२००२ सालचं कात्रण, लॅमिनेट केलेलं.)

*

सामना क्रमांक ४१,२०७. इंदू नाही. तिच्या जागी कुणीतरी. सांगली दोन गुणांनी हरते.

*

रजनी मगदूमचा यातल्या बहुतेक गोष्टींशी संबंध होता. गुडघा तिचा होता, कात्रण तिचं होतं. घंटीची दोरी इंदूची, कारण खेळ सुटल्यावर इंदुमती कोष्टीने इचलकरंजी डेपोत सव्वीस वर्षं कंडक्टरकी केली. आणि नियम नऊ यंदा, २०४० साली, इंदूला लागू होणार होता.

खो-खोचं कीर्तिदालन सांगलीत उभं राहिलं तेव्हा पहिल्याच तुकडीत रजनीची निवड झाली. आत शिरताच डाव्या हाताला तिचा काचेवरचा फोटो आहे : जमिनीला समांतर, हात पुढे, वेण्या मागे. त्या फोटोमुळेच तिला पुढे निवड समितीवर घेतलं. समितीत पाच माणसं. दरवर्षी एका निवृत्त बाईची निवड व्हायची. पाचांपैकी चार मतं लागायची आणि मतदान गुप्त असायचं. इंदूचं नाव चार वर्षं यादीत होतं आणि चारही वर्षं तिला तीनच मतं पडली होती.

उरलेल्या दोन चिठ्ठ्यांतली एक रजनीची असे.

हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दोघी आठ वर्षं एका संघातून खेळलेल्या, एका ताटात जेवलेल्या. निकाल लागला की अध्यक्ष गुरव सर हळूच रजनीच्या खांद्यावर हात ठेवायचे. "वाईट वाटून घेऊ नकोस," म्हणायचे. "पुढच्या वर्षी बघू." रजनी मान खाली घालायची.

या वर्षीच्या पहिल्या बैठकीत निंबाळकरांनी नेहमीचा सूर लावला. हे जुने क्रीडा पत्रकार. त्यांच्या पिशवीत गुणपत्रिका आणि पेढे दोन्ही असत.

"कोष्टीबाईंनी आठ हंगामांत गडी किती बाद केले? अठ्ठावीस. फलटणच्या नंदा थोपटेंनी एकशे नव्वद. मग आपण कशाबद्दल बोलतोय?"

"नंदाने बाद केलेल्या निम्म्या पोरी आधीच दमलेल्या असायच्या," गुरव सर म्हणाले. "दमवलं कुणी ते विचारा."

"ते कुठं लिहिलंय, सर?"

"लिहिलेलं नाही म्हणून तर आपण पाच म्हातारे इथं बसलोय. लिहिलेलं असतं तर शिपायानंच निवड केली असती."

"शिपाई निदान वेळेत घरी गेला असता," पडद्यावरून नागपूरचे सदस्य म्हणाले आणि सगळे हसले.

"रजनीताई, तुम्ही बोला. तुम्ही एका सामन्यात सात टिपलेत," निंबाळकर म्हणाले.

"इंदू चांगलीच होती," रजनी म्हणाली. चांगली हा शब्द तिने असा उच्चारला की त्यात पुढे काही उरलं नाही.

मग गुरव सरांनी सांगितलं की या वर्षी भांडायची गरज नाही. कीर्तिदालनाने वजायंत्र घेतलंय.

*

खो-खो न पाहिलेल्या माणसाला एवढंच सांगायला हवं. दोन खुंटांमधल्या रेषेवर आठ चौकोन असतात. त्यांत आठजणी बसतात, एक या बाजूला तोंड करून तर शेजारची त्या बाजूला. नववी पळणारीचा पाठलाग करते. पळणारी दुसऱ्या बाजूला निसटली की पाठलाग करणारी मधली रेषा ओलांडू शकत नाही. ती बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावते, "खो" म्हणते आणि तिच्या जागी बसते. ती मैत्रीण उठून धावते. शेवटी जी पळणारीला शिवते तिचं नाव गुणपत्रिकेत लागतं. जिने खो दिला तिचं कुठेच लागत नाही.

वजायंत्र हे नाव लोकांनी ठेवलं. ते जुन्या चित्रणातली प्रत्येक मुलगी हाडांच्या बाहुलीसारखी वेगळी काढतं : ती किती वेगाने उठते, कुठल्या पायावर वळते, समोरचीच्या खांद्याची हालचाल दिसल्यावर किती क्षणांनी हलते. एवढं कळलं की यंत्र तो सामना पुन्हा खेळवू शकतं. मग ते एका मुलीला काढून घेतं, तिच्या जागी त्या काळची मध्यम प्रतीची मुलगी बसवतं आणि एक लाख सामने खेळतं. एका सामन्यात नशीब असतं. एक लाखात नशीब विरघळून जातं. ती असताना शंभरांतले किती सामने जिंकले आणि नसताना किती, यातला फरक म्हणजे तिची उणीव.

क्रिकेटवाल्यांनी ते आधी घेतलं, मग कारखान्यांनी. पुण्यातल्या एका शाळेने शिक्षकांच्या उणिवा फळ्यावर लावल्या आणि आठवड्यात उतरवल्या, कारण बहुतेक माणसांची उणीव शून्याच्या आसपास निघते. हे कळल्यावर घराघरांत काही दिवस लोक एकमेकांशी फार जपून बोलत होते.

जयसिंगपूरच्या त्या अकरा कॅसेटींत सांगलीच्या मुलींचे जुने सामने होते, पण त्यांची अडचण वेगळी होती. चित्र इतकं धूसर की चेहरे नव्हतेच. नऊही मुली एकाच निळ्या बनियनमधल्या, दोन वेण्यांच्या. यंत्र प्रत्येकीचा माग शेवटपर्यंत काढू शके; फक्त डाव सुरू होताना कोण कुठे बसलंय ते एकदा कुणीतरी सांगायला हवं.

"एकदाच सांगायचं, मॅडम," यंत्र चालवणारी केतकी म्हणाली. ती कोल्हापूरची, तिशीतली. "पहिली बैठक तुम्ही लावून द्यायची आणि खाली सही. पुढचं यंत्र बघतं."

"दुसरं कुणी नाही सांगायला?"

"तुमचे मास्तर गेले. कोष्टीबाई स्वतः उमेदवार, त्यांना विचारता येत नाही. बाकीच्यांना मी फोन केले. दोघींना आठवत नाही आणि एक म्हणाली, ती रजनी सांगेल ते खरं."

रजनीने पहिल्या चार कॅसेटी प्रामाणिकपणे लावल्या. लावताना तिला मजाच वाटली. आठ चौकोनांत आठ डाग, आणि प्रत्येक डाग तिला पाठीवरून ओळखू येत होता. तिसऱ्यात शैला आवटी, कायम एक खांदा पाडून. पाचव्यात इंदू. बसलेलीसुद्धा निघाल्यासारखी. रजनी स्वतः खुंटाजवळ, आठव्यात.

"सहज आकडा बघायचाय?" केतकीने विचारलं. "चारच कॅसेटींचा आहे, कच्चा."

रजनीला अठ्ठावीस बादांची आठवण झाली आणि ती म्हणाली, "बघू की."

इंदुमती कोष्टी : एकतीस.

रजनीने खाली पाहिलं. रजनी मगदूम : चार.

"एकतीस मी अजून कुठल्याच खेळात बघितलेला नाही," केतकी म्हणाली. तिचा आवाज देवळात असल्यासारखा झाला होता. "हे बघा ना. कोष्टीबाई पळणारीपर्यंत पोचायच्या आधीच खो देतात. पळणारी वळायच्या अर्धा क्षण आधी. ती वळते आणि समोर तुम्ही. तुम्हाला फक्त पडायचं असतं."

फक्त पडायचं असतं. गुडघा तिने कशात घालवला, तर पडण्यात.

*

सामना क्रमांक ७. रजनी नाही. सांगली जिंकते.

सामना क्रमांक ३,११९. रजनी नाही. सांगली जिंकते.

सामना क्रमांक ८८,९१२. रजनी नाही. सांगली जिंकते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कुणीतरी मुलगी हवेत आहे.

*

त्या रविवारी ती इचलकरंजीला गेली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. इंदू ओट्यावर बसून शेंगा फोडत होती, आणि बसली होती तशीच, निघाल्यासारखी. गुडघे साबूत. एकसष्टाव्या वर्षी मांडी घालून बसणाऱ्या बाईचा किती राग येऊ शकतो ते रजनीला त्या ओट्यावर कळलं.

"रजे, खुर्ची आणू का? तुझं ते गुडघ्याचं..."

"काही नको. बरी आहे मी."

"बरी कसली, जिना चढल्यासारखी पायरी चढलीस," इंदू हसली. मग शेंगेतला दाणा तिच्या हातावर ठेवत म्हणाली, "एक विचारू? खोटं बोलू नकोस. होईल का यंदा?"

"तुला कशाला हवंय ते? काचेचा एक तुकडा."

"तुझा लागलाय म्हणून तुला तुकडा वाटतोय." इंदूने शेंगा बाजूला सारल्या. "लोकांना मी सांगते, मला काय त्याचं. पण मला हवंय गं. सव्वीस वर्षं गाडीत कुणी ना कुणी विचारायचं, तुम्ही खेळायचा म्हणे. मी म्हणायचे हो. पुढचा प्रश्न ठरलेला, तुम्ही त्या मगदूमबाईंच्या संघात होता ना? यंदा नाही झालं तर मग संपलंच. नातवंडांना काय दाखवू? तिकीट फोडायचा चिमटा?"

"बघू."

"तू हैस ना कमिटीत. म्हणून मी निवांत हाय."

रजनीने दाणा तोंडात टाकला. तो खवट निघाला तर बरं, असं तिला वाटलं. तो गोड होता.

*

उरलेल्या सात कॅसेटी तिने सोमवारी लावल्या. खोटं बोलायलाही खेळ कळावा लागतो. इंदूचे खो स्वतःच्या नावावर घ्यायचे तर कुणीही संशय घेतला असता. शिवाय गुणपत्रिकेत ज्यांनी गडी बाद केले त्यांची नावं वेळेसकट होती. त्यांची अदलाबदल यंत्राने लगेच पकडली असती. पण या सात सामन्यांत इंदूने एकही गडी बाद केला नव्हता, आणि शैला आवटीनेही. गुणपत्रिका रजनीला पाठ होत्या.

शैला २०१९ साली वारली होती. ती येऊन काही बोलणार नव्हती.

रजनीने तिसऱ्या चौकोनात लिहिलं इंदू आणि पाचव्यात शैला. सात वेळा. सात सह्या.

आठ फेब्रुवारीला पक्का आकडा आला. शैला आवटी : एकवीस. इंदुमती कोष्टी : तेरा. रजनी मगदूम : चार.

*

यानंतर जे झालं त्याचा हिशेब रजनीने केला नव्हता.

निंबाळकरांनी रविवारच्या पुरवणीत पानभर लेख लिहिला : अडतीस वर्षं आपण चुकीच्या मुलीकडे बघत होतो. ती चुकीची मुलगी कोण हे त्यांनी लिहिलं नव्हतं, पण शेजारी रजनीचा सूर मारतानाचा फोटो छापला होता. केतकीने पाचव्या चौकोनातल्या बाहुलीची चित्रफीत सोडली आणि ती गावोगावच्या मैदानांवर पोचली. गुरुवारी सकाळी रजनी फिरायला शाळेवरून गेली तर खेळाचे शिक्षक ओरडत होते, "अगं, पोचू नकोस, आधीच दे. शैला खो. शैला खो दे."

ती कुंपणाला धरून उभी राहिली.

शैला आवटी. जिचा खो इतका उशिरा यायचा की मास्तरांचा घसा बसायचा. सामन्याआधी जिला पोटात कळ यायची. जिला रजनीने कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायच्या लायकीचं मानलं नव्हतं. तिच्या नावाचा खो. रजनीच्या नावाचं तर काहीच नव्हतं. सुराला लोक सूरच म्हणत.

इंदूचा हेवा करायचा म्हणजे निदान कुणाचा तरी करायचा. तो हेवा तिने चाळीस वर्षं सांभाळला होता, गरम भांडं पदराने धरावं तसा. आणि आता ही तिसरीच, वारलेली, खांदा पाडून बसणारी बाई दोघींच्या डोक्यावर चढून बसली होती आणि रजनीनेच तिला शिडी दिली होती. त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही.

"आजी, कुणाचा फोन?" नातीने विचारलं तेव्हा तिला कळलं की ती मघापासून मोठ्याने बोलत होती.

*

सामना क्रमांक ६०,००३. शैला नाही. पण जी नाही ती शैला नाही.

*

वीस फेब्रुवारीला मतदान होतं. केतकी यंत्र घेऊन कोपऱ्यात बसली होती. गुरव सरांनी नावं वाचली. "कै. शैला आवटी, नव्याने. इंदुमती कोष्टी, शेवटचं वर्ष."

"चर्चा कशाला?" निंबाळकर म्हणाले. "लेख सगळ्यांनी वाचलाय."

"तुमचा लेख म्हणजे काही निवडणूक आयोग नाही," गुरव सर म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. इंदूचं नाव वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला होता.

"रजनीताई, तुम्ही शैलाताईंच्या बरोबर खेळलात. सांगा काहीतरी. आम्हाला दोन ओळी फलकावर घालता येतील," निंबाळकर म्हणाले.

रजनीने काहीतरी बरं बोलायचं ठरवून तोंड उघडलं.

"तिला खो देता येत नव्हता," ती म्हणाली.

फलकासाठी लिहून घ्यायला निंबाळकरांनी काढलेलं पेन त्यांनी परत बंद केलं.

"उशिरा द्यायची. नेहमी. पळणारी वळून चहा पिऊन यायची तेव्हा हिचा हात पोचायचा. ते खो तिचे नाहीत. तिच्या सात जन्मांत तिला तसा खो जमला नसता." ती केतकीकडे वळली. "ती तिसऱ्यात बसायची. पाचव्यात इंदू."

केतकी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सात कॅसेटींवर तुमची सही आहे. यंत्रानं दोघींच्या मागावर शंका दाखवली होती. चार सामन्यांतली इंदू आणि सातांतली इंदू जुळत नव्हती. मी सोडून दिलं. म्हटलं, प्रत्यक्ष खेळलेलं माणूस सांगतंय."

"बरोबर केलंस," गुरव सर घाईने म्हणाले. ते रजनीकडे पाहत होते आणि त्यांच्या नजरेत एक दार उघडं होतं. "चुकून झालं असेल. चित्र धूसर आहे. साठीनंतर नजर थोडी..."

रजनीला फक्त मान हलवायची होती.

"नजरेला काय झालंय माझ्या? अजून सुईत दोरा ओवते मी," ती म्हणाली. "बघून बदललं. सातही वेळा."

"का?" हे निंबाळकरांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"एकतीस आणि चार. म्हणून."

गुरव सरांनी तिचा खांदा धरला नाही. त्यांनी केतकीला यंत्र पुन्हा लावायला सांगितलं. तासाभराने आकडा आला. इंदुमती कोष्टी : एकतीस. रजनीला बाहेर बसायला सांगितलं होतं. ती प्रवेशापाशी, स्वतःच्या फोटोखालच्या बाकावर बसली, कारण बाक तिथेच होता.

आत चारच माणसं उरली होती आणि चार मतं लागणार होती. तीन चिठ्ठ्या पटकन पडल्या. निंबाळकरांनी वेळ घेतला. त्यांचा लेख आता महाराष्ट्रभर होता आणि तो खोटा ठरणार होता. त्यांनी चिठ्ठी लिहिली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली आणि टाकली.

चारास चार.

*

इंदू तिसऱ्या दिवशी सांगलीला रजनीच्या घरी आली. आत आली, बसली नाही.

"गुरव सरांनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "चार वर्षं ती 'नाही' तूच लिहीत हुतीस?"

"हो."

"मला वाटायचं निंबाळकर."

"तोही."

इंदूला हसू आलं आणि तिने ते गिळलं. "कशापायी गं? तुझं तर नाव हुतं. पेपरात तू, फोटोत तू."

"मास्तर तुझ्याकडे बघायचे," रजनी म्हणाली. चाळीस वर्षांनी उच्चारल्यावर ते वाक्य फारच लहान वाटलं. "मी सूर मारून उठायचे, अंगभर माती, लोक टाळ्या वाजवायचे. आणि मास्तर बघायचे तुझ्याकडे."

"तुला म्हाईत नाही मास्तर काय बघायचे ते." इंदू दाराशी जाऊन पुन्हा वळली. "मलापण सूर मारायचा हुता. मी पहाटे एकटी जाऊन मारायचे, वाळूवर. त्यांनी पकडलं एकदा. म्हणाले, इंदे, उडायला रजी हाय, तू उडलीस तर तिला उडवणार कोण? म्हणून बघायचे. मी उडतेय का ते."

"मग तू मला कधी..."

"तुझं कात्रण बघितलं की जिवाची आग व्हायची माझ्या. पण मी तुझी जागा नाही बदलली, रजे."

रजनी उठायला गेली. गुडघ्याने तिला अर्ध्यात धरलं. इंदूने हात पुढे केला नाही. ती ते पाहत राहिली, पूर्ण उठेपर्यंत.

"पंधरा मार्चला कार्यक्रम हाय," इंदू म्हणाली. "येऊ नकोस." मग चपला घालून झाल्यावर म्हणाली, "किंवा ये. पण फोटोच्या वेळी माझ्या शेजारी उभी राहू नकोस."

*

आईचं नाव यादीत घ्यायला शैला आवटीच्या मुलीची संमती मागणारं कीर्तिदालनाचं पत्र बारा फेब्रुवारीला तिला पोचलं होतं. तिने त्याच दिवशी सही केली आणि आईचा एक फोटो जोडून ते परत पाठवलं.